कोटिंग लावा, पण जागा पाहून

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या वॉशिंग सेंटरांवर मोटरसायकलींसाठी ‘नॅनो कोटिंग’चा, म्हणजे पाणी झटकणाऱ्या पातळ लेपाचा, आग्रह सुरू होतो. जानापाव, चोरल, पाताळपाणीकडे पावसाळी भटकंतीला निघणारी मंडळीही जाकिटांसाठी तशाच बाटल्या शोधू लागतात. पाणी झटकणारा लेप कामाचा असतो, यात वाद नाही. पण तो कुठे लावायचा आणि कुठे मुळीच नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही.

आधी ब्रेकचे बोलू, कारण इथली चूक जिवावर बेतते. सिलिकॉनच्या फवाऱ्याचे तुषार हवेत पसरून डिस्कवर बसतात आणि ब्रेक घसरतो. म्हणून गाडीवर थेट फवारूच नये. फडक्यावर घेऊन फडक्याने लावावे. फवारायचेच असेल तर डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) प्लास्टिकच्या पिशवीने झाकावेत. डिस्कला लेप लागलाच तर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण पॅडमध्ये तो मुरतो. पॅड बदलावेच लागतात. टायर, सीट, मुठी आणि पाय ठेवायचे रबर यांनाही लेप लावू नये. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते. सॉल्व्हंट असलेल्या लेपाने तिला बारीक तडे जातात, म्हणून तिच्यासाठी काचेपुरताच बनवलेला, पाण्यावर आधारलेला लेप घ्यावा.

टाकी, मडगार्ड, साइड पॅनेल यांवर लेप चांगला बसतो, मात्र जुने मेण आणि तेलकटपणा निघाला असेल तरच. शाम्पूने धुऊन, पूर्ण वाळवून अल्कोहोलचे फडके फिरवावे. मग सावलीत, पत्रा थंड असताना, हातभर जागा घेऊन पातळ थर द्यावा आणि तो धुरकट दिसायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढावा. उन्हात लावलेला लेप डागासारखा वाळतो आणि मग घासूनच काढावा लागतो. मॅट रंगावर आधी आडोशाच्या कोपऱ्यात करून पाहावे. तिथे चकचकीत पट्टे उमटले तर ते सहज जात नाहीत. सिरॅमिक प्रकारचा लेप असेल तर पुढचे 24 तास गाडीला पाणी लागू देऊ नये.

एवढे करूनही गंज थांबत नाही, कारण गंज वरच्या चकचकीत पत्र्यावर सुरू होतच नाही. तो मडगार्डच्या आतल्या बाजूला, वेल्डिंगच्या सांध्यात, साइड स्टँडच्या बिजागरीत आणि सायलेन्सरच्या खालच्या अंगाला धरतो. आपली माळव्याची काळी माती ओलावा सोडत नाही; तिचा थर आत चिकटून राहिला तर लोखंड दिवसच्या दिवस ओले राहते. तो साध्या पाण्याने, हाताने खरवडून काढणे हे कोणत्याही बाटलीपेक्षा महत्त्वाचे. जोरदार फवाऱ्याचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर किंवा चेनवर जवळून धरू देऊ नका, सीलमधून पाणी आत शिरते. पेट्रोल टाकीच्या झाकणाजवळचे पाणी वाहून जायचे बारीक भोक तारेने मोकळे करावे; ते तुंबले की पाणी टाकीत उतरते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पुरेसे पाणी गेले की इथेनॉल व पाणी वेगळे होऊन तळाशी बसतात.

चेनला कोटिंग नको, वंगण हवे. डब्ल्यूडी-40 पाणी हटवते, पण वंगण म्हणून ते टिकत नाही. चेन पुसून, कोरडी करून, आतल्या बाजूने 90 नंबरचे गिअर ऑइल थेंब थेंब सोडावे आणि जास्तीचे पुसावे. इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. गाडी चालू ठेवून चेनला फडके लावल्याने बोटे जातात.

जाकिटाबाबत घोटाळा वेगळा आहे. बाहेरचे कापड पाणी शोषून गच्च झाले की आतल्या घामाची वाफ बाहेर पडत नाही, आणि माणसाला वाटते जाकीट गळते. पुष्कळदा नव्या फवाऱ्याची गरजच नसते. मळ आणि डिटर्जंटचा अंश निघाला की कापडावर मुळातच असलेला जुना लेप जागा होतो. कमी द्रवरूप साबणाने, सॉफ्टनर न घालता धुवावे आणि दोनदा खळखळून काढावे. लेबलवर मनाई नसेल तर वाळल्यावर वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. मग पाणी शिंपडावे. कापड तरीही गडद झाले तरच साधारण 15 सेंमीवरून फवारा द्यावा आणि साचलेले थेंब पुसावेत. धुण्याच्या पाण्यात मिसळायचा लेप अस्तरालाही बसतो व घाम टिपणे थांबते, म्हणून अस्तराच्या जाकिटाला तो नको. पीव्हीसीच्या साध्या रेनकोटला यातले काहीच लागत नाही, आणि इस्त्री तर मुळीच नको. तंबूचा आतला थर चिकट होऊन आंबूस वास येऊ लागला असेल तर पॉलियुरेथेनचा तो थर ओलाव्याने तुटला आहे. त्यावर फवारून उपयोग नाही.

विक्रेत्यांकडे एक मागणी आहे. बाटलीत मेण, सिलिकॉन की फ्लोरीनयुक्त रसायन, हे मराठी-हिंदीत ठळक लिहा. फ्लोरीनची ही संयुगे निसर्गात जवळजवळ विघटन पावत नाहीत. त्यांतले पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. तेलाचा डाग रोखायचा नसेल तर पावसापुरते मेण किंवा सिलिकॉन पुरते. आणि कोणताही फवारा बंद खोलीत किंवा तापल्या इंजिनाजवळ मारू नये: तुषार फुफ्फुसाला इजा करू शकतात आणि सॉल्व्हंट पेट घेते.

— एक वाचक, इंदूर