'संप्रेरक' शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

गोव्यातल्या डिचोलीतल्या वाचनालयात तुम्ही आमच्या मुलांसाठी संप्रेरकांवर (म्हणजे हॉर्मोन्सवर) घेतलेल्या तासाबद्दल हे जाहीर आभार. यापूर्वी एका नावाजलेल्या शिकवणीत 'ग्रंथींतून रक्तात मिसळणारे रसायन' एवढी ओळ पाठ करून घेऊन विषय मिटवला होता. कोणी शंका काढली की 'परीक्षेत येत नाही' हे ठरलेलं उत्तर.

तुम्ही व्याख्येआधी १९०२ चा लंडनमधला प्रयोग सांगितलात. शीतकडीचा घास जठरातून आम्ल घेऊन लहान आतड्यात उतरला की स्वादुपिंडातून पाचक रस पाझरू लागतो. हा हुकूम मज्जातंतू देतात, असं रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्यासारखे लोक मानत. बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा मज्जातंतूंपासून तोडला, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि त्या तुकड्यात ०.४ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडाचा रस ठिबकला! मग आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लासोबत खललं, गाळलं आणि मानेच्या शिरेत टोचलं. रस पुन्हा वाहिला. नुसतं आम्ल शिरेत टोचलं तर काहीच होत नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. ही पायरी गाळली तर रस आम्लामुळेच वाहिला असं म्हणता येईल आणि सगळा पुरावाच लंगडा पडतो. विकर (एन्झाइम, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) उकळलं की निकामी होतं; तो अर्क उकळला तरी निकामी होत नाही, म्हणजे तो विकर नव्हे. या पदार्थाचं नाव सिक्रेटिन.

'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ च्या व्याख्यानांत वापरला. ग्रीक क्रियापद 'होर्माओ', म्हणजे 'चेतवतो, गती देतो'. आपल्या 'संप्रेरक'मधला 'ईर्' हा धातूही गती देण्याचाच. काही संप्रेरकं काम चेतवत नाहीत, उलट थोपवतात. त्यांच्यासाठी शेफर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 'चॅलोन' असं वेगळं नाव सुचवलं होतं, ते टिकलं नाही.

पण सर, आमच्या मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "रक्त तर सगळीकडे जातं, मग स्वादुपिंडालाच कसं कळतं?" तुम्ही थांबलात. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलंत आणि तास संपेपर्यंत पुसलं नाहीत. संदेश ओळखणारे ग्राही ज्या पेशींवर असतात त्याच पेशी दाद देतात, हे उत्तर तुम्ही तिच्या ओळीखालीच मांडलंत. लहान मुलाच्या शंकेला असा मान देणारी मोठी माणसं भेटणं हे भाग्यच. विद्वत्ता अनेकांकडे असते, पण हा सभ्यपणा दुर्मीळ. तुम्ही मानधनाचा विषयही काढू दिला नाहीत, म्हणून निदान हे शब्द तरी स्वीकारा.

विकर आणि संप्रेरक यांतला फरक आमच्या शाळेत आता अर्क उकळण्याच्या त्या पायरीपासून शिकवला जातो. मनःपूर्वक आभार.

आपले,
डिचोलीतले शिक्षक आणि पालक