काडेचिराईत की हिरवे किराईत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरता सरता पुण्यात थंडी वाजून येणारे ताप वाढतात आणि मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत किराइताची मागणीही वाढते. आमच्या घरी काडेचिराइताच्या काड्या रात्री पाण्यात भिजत घालून ते कडूजहर पाणी सकाळी अनशापोटी घेण्याची रीत आजीच्या वेळेपासून आहे. गेल्या महिन्यात एका दुकानात काडेचिराईत मागितले, तर पुडीत हिरव्या, चौकोनी काड्या निघाल्या. विचारल्यावर दुकानदार म्हणाले, "एकच हो, दोन्ही कडूच."

ते एक नव्हे. काडेचिराईत हिमालयात साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर येते. त्याची काडी तपकिरी-जांभळट, बुंध्याकडे गोल असते आणि मोडली की आत पिवळसर, सहज सुटणारा गर दिसतो. हिरवे किराईत म्हणजे कालमेघ. ते अडुळशाच्या कुळातले असून मैदानी भागात सहज वाढते. दोन्ही औषधी आहेत आणि दोन्ही इतकी कडू, की जिभेवरून ओळख पटत नाही. पण तापावर दिल्या जाणाऱ्या सुदर्शन चूर्णाच्या पाठात, म्हणजे ठरलेल्या कृतीत, बाकीच्या सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे काडेचिराईत सांगितले आहे. तेच बदलले तर चूर्णाला ते नाव कशाच्या आधारावर द्यायचे?

या अदलाबदलीमागे टंचाई आहे. काडेचिराईत फुलोऱ्यात असतानाच मुळासकट उपटले जाते, त्यामुळे बी धरून रानात पडायला अवधीच राहत नाही. माल दुर्मिळ आणि महाग होतो, आणि स्वस्त कालमेघ त्याच्या नावावर खपतो.

यापेक्षाही काळजीची बाब अशी की, काढा सुरू आहे या भरवशावर काही घरांत रक्ततपासणी लांबवली जाते. हिवतापाचे परजीवी रक्तात आहेत की ताप डेंग्यूचा आहे, हे तपासणीशिवाय कळत नाही आणि अशा तापात दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. काढा घेणाऱ्याने आधी तपासणी करावी, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी व गर्भवतींनी तो वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊच नये, कारण या वनस्पतींनी रक्तातील साखर उतरू शकते.

अन्न व औषध प्रशासनाने सुट्या पुड्यांवरही वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि तिचा कोणता भाग आत आहे, हे मराठीत छापणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे