बाई, तुमच्या शनिवारच्या कागदाबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बदलीची बातमी आईने फोनवर सांगितली आणि मागून पोरीचा आवाज आला, "बाबा, ही बातमी आपल्या पेपरात आलीच नाही." शाळेला सुट्टी लागली होती, तुम्ही दर शनिवारी मुलांकडून लिहून घ्यायचात तो शाळेच्या बातम्यांचा कागद बंद होता, म्हणून नाही आली. तुम्हाला तुमच्या जिल्ह्यात, घरच्या माणसांजवळ जायला मिळतंय याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं तुम्ही आपल्या माणसांपासून लांब राहिलात, आणि लांब राहणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. हे पत्र तुम्हाला एकटीला न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आमच्या वाडीतल्या आणि वाडीतून मुंबईला आलेल्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

मी तुमच्या तिसरीतल्या एका मुलीचा बाप. भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. आमची भाड्याची खोली गेली, बायकोला रात्रपाळी लागली, आणि पोरीला गावी माझ्या आईकडे ठेवायचं ठरलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, धक्क्यावर काम नसतं, म्हणून गेल्या वर्षी शाळा उघडली तेव्हा मी स्वतः तिला वर्गात सोडायला आलो होतो. आधीच्या शाळेतून तिच्याबद्दल एकच वाक्य आमच्या हातात आलं होतं: मुलगी वर्गात बोलत नाही. तेवढंच मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हरकत नाही, मीही इथे नवीन होते तेव्हा फार बोलत नव्हते."

१ ऑगस्टला बोटी सुटणार म्हणून जुलैअखेर मी परत आलो. रोज रात्री फोन. "आज शाळेत काय केलंस?" "काही नाही." "डब्यात काय होतं?" "भात." मग दोघंही गप्प. बाई, आठ वर्षांच्या पोरीशी बोलायला बापाकडे प्रश्नच नसावेत, याचं दुःख कुणाला सांगायचं? तिच्या दिवसात काय काय घडतं हेच मला माहीत नव्हतं, तर विचारणार काय?

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी मोबाईलवर एक फोटो आला. आखलेल्या फुलस्केपचा कागद, मुलांच्या हातचं अक्षर, कुठे शाई फुटलेली. सोमवारी पावसामुळे पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं, पलीकडची चार मुलं उशिरा पोचली. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी सरळ अंगाच्या बाटलीला पट्टी चिकटवून पाऊस मोजायला सुरुवात. गुरुवारी पहिलीच्या एका मुलाचा दात पडला, तो त्याने सगळ्या वर्गाला दाखवला. खाली चौकटीत तुमच्या अक्षरात एक ओळ: घरी विचारा, पाऊस मोजायला बाटली सरळ का हवी?

त्या रात्री मी विचारलं, "काय गं, बाटली सरळ का हवी?" पोर सोळा मिनिटं बोलली. मी फोनवर बघितलं म्हणून आकडा लक्षात आहे. तळाशी रुंद आणि वर निमुळती बाटली घेतली तर पट्टी खोटं बोलते, हे तिने मला तीनदा समजावलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं, तरी मी तीनदा ऐकलं.

तेव्हापासून एकही शनिवार चुकला नाही. वाडी खाडीकाठी खोलगट जागेत, तिथे फोन कसाबसा लागतो, पण फोटो जाईल एवढी नेटची रेंज मिळत नाही. शाळा सुटल्यावर तुम्ही पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जायचात आणि तिथून फोटो पाठवायचात, हे मला दिवाळीत गावी आल्यावर कळलं. भर पावसातसुद्धा. कागद ओला होऊ नये म्हणून पिशवीत आणि वर छत्री धरून. याचा उल्लेख तुम्ही कधी केला नाहीत, म्हणून मी करतोय.

आता ६ जानेवारीबद्दल. त्या दिवशी तुम्ही मुलांना बाळशास्त्री जांभेकरांबद्दल सांगितलंत. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा हा आपल्याच कोकणातला माणूस, ज्याने १८३२ साली त्याच तारखेला मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, 'दर्पण', सुरू केलं. आधी पाक्षिक, मग साप्ताहिक. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी, म्हणजे दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचं कळावं. हे ऐकून मुलांनी आपल्या कागदालाही दोन रकाने मागितले. दुसऱ्या रकान्यात इंग्रजी भरणं तुम्हाला सोपं होतं, बघणाऱ्यांनाही बरं वाटलं असतं. तुम्ही ठरवलंत, डावीकडे पुस्तकातली मराठी आणि उजवीकडे वाडीतली बोली.

माझ्या आईच्या आयुष्यात तिच्या बोलण्याला कुणी कागदावर जागा दिली नव्हती. दुसरीनंतर तिची शाळा सुटली, आणि नंतर जिथे जिथे ती बोलली, तिथे कुणीतरी तिला सुधारलं. आता नात रोज संध्याकाळी खळ्यात वही घेऊन बसायची आणि विचारायची, "आजी, ह्याला तू काय म्हणतेस?" आगोट, इरलं, गडगा, वई, तरवा. 'आगोट' शब्दावर तर अर्धा रकाना भरला: पावसाळ्याच्या तोंडावर घरात काय काय भरून ठेवायचं, सुकी मासळी कशी बांधायची, आमसुलं कुठल्या बरणीत. मुलांनी खाली लिहिलं, 'ही माहिती आजीने दिली.' तो अंक आईने देवघरात ठेवलाय. पोरीचा वर्गातला अबोला कधी सुटला ते मला नेमकं सांगता येत नाही, पण त्या वहीपासून सुटला हे नक्की. तिला ठाऊक असलेली गोष्ट वर्गात कुणालाच ठाऊक नव्हती, आणि सगळ्यांना ती हवी होती.

पण मला खरं लिहायचंय ते भरतीबद्दल.

तुम्ही मराठवाड्यातल्या. एक दिवस तुम्ही वर्गाला सरळ सांगितलंत, "मला भरती-ओहोटीचं काही कळत नाही. रोज वेळ का बदलते? तुम्ही मला शिकवा." शिकवणाऱ्या बाई शिकायला बसल्या, यावर मुलांचा आधी विश्वास बसेना. मग वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या जाणत्या माणसाला, शनिवारी वर्गात बोलावलंत. ते खुर्चीवर बसेनात, उंबऱ्याशीच टेकले. त्यांनी सांगितलं, "तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ." आणि त्यांनी वर्गाला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून दाखवली. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आमच्या आजोबांच्या शाळेत ही पाठ असायची, आमच्यापर्यंत आलीच नाही. तिसरीच्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण शिकायचेच असतात. तुम्ही भाकरीचे तुकडे आणि घडी घातलेले कागद बाजूला ठेवून दाभोळची खाडीच फळ्यावर आणलीत.

त्या रात्री पोर म्हणाली, "बाबा, उद्या अष्टमी. आठ पाऊण सहा. सहाला भरती."

धक्क्यावर आमचा दिवस पहाटे सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सहाला मी लिलावाच्या गलबल्यातून दोन मिनिटं बाजूला झालो आणि कठड्याशी उभा राहिलो. बाई, मी या धक्क्यावर अकरा वर्षं आहे. माझे आजोबा कोकणातून बोटीने आले ते इथेच उतरले होते. पण पाण्याकडे असं मी कधी बघितलं नव्हतं. पाणी चढलेलं होतं, आणि थोड्या वेळाने थांबल्यासारखं झालं. गावी खाडीत तेच पाणी चढत असेल आणि माझी पोर आजीच्या पदराआड झोपलेली असेल, असं मनात आलं. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी वेळ टिपून ठेवली. अजून टिपतो.

मग ती चूक झाली. पोरीने पेपरात छापलं, 'तृतीयेला दुपारी सव्वादोनला भरती.' तुम्ही सगळ्यांना घेऊन जेटीवर गेलात, पायऱ्यांवर चुन्याच्या खुणा केल्यात. सव्वादोन झाले, पाणी चढतंच आहे. अडीच, पावणेतीन, तरी चढतंय. सव्वातीनला थांबलं. पोर रडवेली झाली होती, असं आईने सांगितलं. तुम्ही तिची बातमी खोडली नाहीत. पुढच्या शनिवारी 'आम्ही चुकलो' अशी नवी चौकट आली आणि ती तिलाच लिहायला दिलीत. शिवाय कारण शोधायला लावलंत. एका मुलाचे मामा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर आहेत, त्यांना विचारलं. खाडीच्या मुखाशी पाणी दोनच्या सुमारालाच ठरलं होतं. मुंबईहून मी कळवलं, इथे पाणी ठरलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. म्हणजे मुखाशी आधी, आणि खाडीत आत आत शिरत आमच्या वाडीपर्यंत यायला पाण्याला वेळ लागतो. शिवाय तिथी घड्याळाच्या चोवीस तासांना बांधलेली नाही, त्यामुळे पाऊणकीने अंदाज येतो, मिनिट कळत नाही. हे सगळं मुलांनीच मांडलं. आणि त्या चौकटीच्या शेवटी एक ओळ होती, 'मुंबईची वेळ आमच्या मुंबईच्या बातमीदारांनी कळवली.'

तो बातमीदार मी. ही ओळ मी धक्क्यावर किती जणांना दाखवली असेल, त्याची गणतीच नाही.

चिपळूणच्या पुराचा अंकही मला विसरता येत नाही. एका मुलीच्या मावशीचं दुकान २२ जुलै २०२१ च्या पुरात गेलं होतं. तिने वर्गात विचारलं, तेव्हा भरती होती का? तुम्ही प्रश्न टाळला नाहीत. जुनी दिनदर्शिका काढलीत. त्या दिवशी त्रयोदशी, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. तेरा पाऊण पावणेदहा, आणि तेही मुखाशी. चिपळूणपर्यंत त्याहून उशीर. वरून वाशिष्ठी नदीला पावसाचा लोंढा आणि समोरून खाडी चढलेली, पाणी उतरणार कुठे? एकट्या भरतीने पूर येत नाही, पाऊस तसा झाला होता, हे तुम्ही ठळक अक्षरात लिहायला लावलंत. लहान मुलांना भीती न घालता आणि खोटा धीरही न देता हे सांगणं सोपं नाही. त्या मुलीने मावशीला तो अंक नेऊन दिला असं ऐकलं.

शाळेचा पट सतरा, शिक्षक दोन. चौथीपर्यंतचे वर्ग, पोषण आहाराची नोंद, माहितीचे तक्ते, वर सभा आणि प्रशिक्षणं. यातून तुम्ही दर आठवड्याला वेळ कुठून काढलात, हे मी हिशेब लिहिणारा माणूस असूनही मला मांडता येत नाही. मुंबईत आमच्यासारखी किती तरी घरं आहेत, मूल गावी आणि आई-बाप इकडे. गेल्या वर्षभरात आमच्या वाडीच्या मुंबईकरांचं रविवारचं बोलणं बदललं. कुणाची बाटली किती भरली, कुणाच्या आजीने कुठला शब्द दिला, यावर माणसं बोलतात. माझी बायको रात्रपाळीहून आली की चहाच्या आधी कागद बघते. एकदा ती म्हणाली, "आपण तिथे नाही, पण आपल्याला सगळं माहीत आहे." बाई, या एका वाक्यासाठी मी तुमचा आयुष्यभर ऋणी राहीन.

नवीन येणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना मी कागद चालू ठेवा असं सांगणार नाही, तो त्यांचा अधिकार. मुलांनी मात्र आपसात ठरवलंय की निदान 'आम्ही चुकलो' ही चौकट भिंतीवर राहील.

तुमच्या गावी समुद्र नाही हे पोरीला ठाऊक आहे. तरी तिने जून महिन्याच्या सगळ्या तिथ्या आणि त्यांच्या भरतीच्या वेळा एका फुलस्केपवर लिहिल्यात, तीन रकान्यांत: दाभोळ, आपली जेटी आणि धक्का. तिसरा रकाना अर्धाच भरलाय, बाकीच्या वेळा मी रोज टिपून द्यायच्या आहेत. तो कागद या पत्रासोबत पाठवतोय. उरलेल्या वेळा महिनाअखेर पाठवीन.

तुमच्या तिसरीतल्या मुलीचा बाप आणि तुमचा मुंबईचा बातमीदार,
भाऊचा धक्का, मुंबई