उदयगिरीच्या ठेंगण्या खोल्या

कोल्हापूर

चि. सन्मती यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भुवनेश्वरहून आम्ही परवा रात्री सुखरूप घरी पोहोचलो. निघताना तू फोनवर विचारले होतेस की, कलिंगाच्या खारवेल राजासारख्या बलाढ्य राजाने जैन मुनींसाठी खोदवलेल्या खोल्या इतक्या ठेंगण्या का ठेवल्या. वास्तुरचना शिकणाऱ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे, आणि भुवनेश्वरजवळच्या उदयगिरी टेकडीवर मी बहुतेक त्याचेच उत्तर शोधत होतो.

तिथली राणी गुंफा दुमजली आहे. तिच्या ओसरीत, दारांवरच्या पट्टीत, नाच, वाद्ये, शिकार असे किती कोरले आहे म्हणून सांगू! पण वाकून आत शिरावे तर भिंती कोऱ्या. टेकडीवरच्या बहुतेक खोल्यांत ताठ उभे राहता येत नाही; मागच्या बाजूला जमीनच थोडी चढती ठेवली आहे, तीच उशी. बसून ध्यान करावे आणि आडवे व्हावे, एवढ्यापुरतीच जागा कातळातून काढलेली आहे.

मला यात राजाची कंजुषी दिसली नाही. एरवी सतत विहार करणारा मुनी पावसाळ्याचे चार महिने, पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून एका जागी थांबतो. त्याला आडोसा हवा असतो, घर नव्हे. आपल्या जिनमंदिरात चातुर्मासाला मुनी महाराज येत, तेव्हा तुझी आजी गादी न घालता लाकडी फळीच पुसून ठेवत असे, ते तुला आठवत असेल. राजाने आपले वैभव ओसरीपर्यंत आणले आणि उंबऱ्याबाहेरच ठेवले, असे मला वाटते.

हाथीगुंफेवर खारवेलाचा 17 ओळींचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. राज्याच्या तेराव्या वर्षी कुमारी पर्वतावर, म्हणजे याच टेकडीवर, अर्हतांसाठी, म्हणजे पूज्य मुनींसाठी, गुंफा खोदवल्याचे त्यात सांगितले आहे. लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं, नमो सवसिधानं’ असा आहे. वाटाड्याने तेवढे वाचून दाखवताच तुझ्या आईने हात जोडले आणि आपण रोज म्हणतो तो णमोकार मंत्र तिथेच उभ्याने पूर्ण केला. माझा मात्र आवाज फुटेना.

दगड वालुकाश्म असल्याने अक्षरे फार झिजली आहेत. एका खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मी वितीने मोजून वहीत लिहून आणली आहे; सुट्टीत आलास की तिचा उभा छेद मला काढून दे.

तुझे,
आप्पा