पाहणी झाली, आता उत्तर द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागातून हे पत्र लिहितोय. आमच्याकडे घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि बाजारात कन्नडपासून दखनीपर्यंत सगळं चालतं. सत्र संपत आलं की त्यात कॉलेजच्या पोरांच्या प्रश्नावल्यांची भर पडते.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग आणला, त्याला श्रेयांक (क्रेडिट) दिले. विचार चांगलाच आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे, तिची सात दिवसांची शिबिरं आणि दत्तक गावं आम्ही पाहिली आहेत, पण ज्याला हौस तोच त्यात जायचा. आता काम गुणपत्रिकेत आलं, म्हणून सगळ्यांना करावं लागतं. सगळ्यांना करावं लागतं, म्हणून जो तो सोपं काय ते शोधतो. सोप्यात सोपी पाहणी. आणि पाहणीला सोप्यात सोपी विडी कामगार बाई, कारण ती दिवसभर घरात सापडते.

माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, भिजवलेलं पान पत्र्याच्या साच्याने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. हजार झाल्या की विडी कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या. हात थांबला की मजुरी थांबली. मध्यंतरी शहरातल्या एका कॉलेजच्या दोन मुली आल्या. दिवसाला किती विड्या, मान दुखते का, खोकला येतो का, घरात शिकलेले किती. आईने हात चालू ठेवूनच सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "यानं माझं पीएफमधलं नाव दुरुस्त होईल का गं?" पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांची तरी काय चूक? त्या कागदावर आईने प्रश्न विचारायचा रकानाच नव्हता.

आईचं आडनाव विडी कामगारांच्या ओळखपत्रावर एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या आणि पीएफच्या खात्यात तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं आहे. कुणी कानाने ऐकलं तसं लिहिलं, कुणी इंग्रजीत एखादं अक्षर खाल्लं. एवढ्यावर पैसे अडतात, पेन्शन अडते. हे दुरुस्त करता येतं. संयुक्त घोषणापत्र भरायचं, पुरावे जोडायचे, मालकाची सही घ्यायची, मग पीएफ कार्यालयाच्या मागे लागायचं. वाणिज्य आणि विधी शाखेच्या मुलांना एवढं सहज शिकवता येईल. त्यांतल्या कित्येकांच्या आया-आज्या हेच काम करतात, त्यामुळे भाषेचीही अडचण नाही. विड्या जमा करायच्या वेळेला ब्रँचबाहेर एक टेबल टाकून ही मुलं बसली आणि सत्रभरात काही बायकांची नावं सरळ झाली, तर तोच प्रकल्प. अर्ज कसा लिहावा, कायदा कुठे अडवतो, साहेबाशी कसं बोलावं, हे सगळं त्यात शिकून होईल. निष्कर्षात ‘विडी कामगार महिलांची स्थिती चिंताजनक आहे’ एवढं एक वाक्य लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मान्य.

साहेब, सोलापूरला हे जमायला हवं असं मी का म्हणतो? 2004 साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी इथे विद्यापीठ झालं. त्याआधी गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तरी कोल्हापूरची एसटी धरावी लागायची. एका जिल्ह्याचं विद्यापीठ छोटं म्हणून नाक मुरडणारे होते. मला तर तीच त्याची ताकद वाटते. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत कुठे काय दुखतंय, हे त्याला आपल्या कॉलेजांमधूनच कळू शकतं.

विद्यापीठ केगावला आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावलाच. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आला की शेतकरी आपला प्रश्न घेऊन त्या केंद्राचं दार ठोठावू शकतो. यंत्रमागवाल्याने कुठलं दार ठोठवावं? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी भलतीकडे विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून बिनदिक्कत विकली जाते. मानांकन वापरायचं कसं, नक्कल करणाऱ्याला नोटीस कशी द्यायची, हे छोट्या कारखानदाराला कोण सांगणार? तेही काम विधी आणि व्यवस्थापनाच्या मुलांनी करण्यासारखंच आहे.

तुमच्याकडून मला हवी आहे ती श्रेयांकाच्या नियमातली एक अट. ज्या वस्तीची, गावाची किंवा धंद्याची पाहणी केली, त्यांना तिचं उत्तर त्यांच्या भाषेत, समोर बसून सांगितल्याशिवाय श्रेयांक देऊ नयेत. आणि पाहणीचा विषय ठरवताना त्या वस्तीतली दोन माणसं खोलीत असावीत. नगरसेवक नकोत, काम करणारी माणसं हवीत. गावांमध्ये ग्रामसभा आहेच, तिथे विषय ठेवता येईल.

पण अट घातली की ती राबवायला शिक्षक लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. अनेक कॉलेजांमध्ये हे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. त्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, तेही कधी महिन्यांनी. मुलांना घेऊन कुंभारीला किंवा नान्नजला घालवलेला दिवस त्याच्या बिलात बसत नाही. पदरच्या पेट्रोलने त्याने समाजसेवा शिकवावी, अशी अपेक्षा ठेवायची तर प्रश्नावलीपलीकडे काही होणार नाही. रिक्त जागा भरा हे तर आहेच, ते तुम्हाला रोजच कुणीतरी सांगत असेल. तोपर्यंत निदान वस्तीत घालवलेले तास मानधनात धरा आणि प्रवासखर्च द्या.

पहिल्या वर्षी नवीन पाहणीची गरजही पडणार नाही. आतापर्यंत भरून घेतलेल्या प्रश्नावल्या कॉलेजांच्या कपाटांत असतीलच. त्या बाहेर काढायला लावा आणि ज्यांच्या आहेत त्यांच्या गल्लीत जाऊन आधी त्यांची उत्तरं द्यायला सांगा.

आपला,
पूर्व भागातील एक रहिवासी, सोलापूर