मुकादमकाका, तुमची वही अजून माझ्याकडे आहे

मुकादमकाका,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, तिला मी सांगून ठेवलंय. सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्या थीसिसमध्ये तुमचं नाव कुठेच नाही, 'नगरपरिषदेचे कर्मचारी' एवढंच छापलंय, आणि ते मला आता खूप खुपतं.

2006 चा जून होता, पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांचा घनकचरा. केंद्राचे कचऱ्याचे नियम 2000 सालीच आलेले, पण जे काय लिहिलेलं वाचायला मिळायचं ते सगळं मुंबई-पुण्यासारख्या शहरांचं. आपल्या सिंधुदुर्गातल्या एवढ्याशा गावाचा कचरा किती हे विचारलं तर एक रिपोर्ट हातात आला, त्यात लोकसंख्येला दरडोई ग्रॅमने गुणलेलं आणि वर्षभर रोज तोच आकडा. म्हटलं आपणच मोजूया. पुस्तकात दिलेलं तसं ताडपत्रीवर ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, उरलेले मिसळून परत चार भाग, असं करत करत नमुना हाताळण्याएवढा झाला की निवडून वजन करायचं. आठ दिवस भर पावसात मी हे करत होते आणि तुम्ही ट्रॉलीला टेकून गप्प बघत होतात. नवव्या दिवशी जवळ आलात, ढिगातलं नारळाचं एक सोडण, म्हणजे वरची जाड साल, उचललंत आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी पिळलंत. धारच लागली पाण्याची. म्हणालात, "गो चेडवा, तू कचरो मोजतंस की पावस?"

काका, त्या दिवसापर्यंत ओलावा हा माझ्यासाठी तक्त्यातला एक रकाना होता. मग आपण तुमच्या शेडमध्ये पत्र्याखाली सोडणं, झावळ्या, माशांचे काटे वेगवेगळे वाळत घातले आणि चार दिवसांनी परत वजनकाट्यावर ठेवले, सोडणांचं वजन निम्म्याच्याही खाली गेलेलं. इतकं पाणी धरलेला कचरा जाळायच्या मशीनमध्ये टाकला तर तो पेटण्याआधी सगळी उष्णता पाणी आटवण्यातच जाते, आणि खड्ड्यात भरला तर आत हवा जात नाही, खत व्हायचं सोडून तो नुसता कुजतो आणि खालून काळं पाणी सुटतं. आज मी वर्गात हे शिकवते तेव्हा सुरुवात त्या सोडणापासूनच करते.

आणि मग तुमची वही. शंभर पानी, कडा दमट होऊन फुगलेल्या, 1995 पासूनच्या ट्रॉलीच्या रोजच्या खेपा, तुमच्या अक्षरात, पुढे एकदोन शब्द. "बाजार." "जत्रा." "चाकरमानी इले." मे महिन्यात आंब्याचे बाटे आणि फणसाची चारखंडं, गणपतीत निर्माल्याची वेगळी खेप, पावसाळी मासेमारी बंद असताना थर्माकोलचे बॉक्स गायब आणि होड्या सुटल्या की परत सुरू. कोणी मागितलं नव्हतं तुमच्याकडे हे. बायकोला हिशोब सांगायची सवय म्हणून लिहायचो, असं म्हणालात. अकरा वर्षांची सलग नोंद होती ती आणि अशी नोंद मला दुसऱ्या कुठल्याच ऑफिसात मिळाली नाही. त्यावरूनच मी दाखवू शकले की आपल्या गावांचा कचरा सरासरीवर मोजून चालत नाही, मे आणि गणपती हे दोन डोंगर आहेत आणि गाड्या, माणसं, शेड सगळं त्या डोंगरांच्या मापाने ठरवायला हवं. माझा पहिला पेपर, नोकरी, पुढचे सगळे प्रोजेक्ट यातूनच आले.

सड्याची, म्हणजे गावावरच्या कातळ पठाराची, गोष्ट पण लिहायलाच हवी. नव्या कचरा डेपोसाठी जी जागा काढलेली ती नकाशात पडीक म्हणून दाखवलेली, कातळ, वस्ती नाही, मलाही ती योग्यच वाटलेली. तुम्ही मला सड्यावरून खाली उतरवून व्हाळापर्यंत, ओढ्यापर्यंत नेलंत, करवंदीत पाय ओरबाडले होते माझे, आणि जांभ्याच्या फटीतून झिरपणारं पाणी ओंजळीत धरून दाखवलंत. वर पडलेला पाऊस खाली वाडीच्या विहिरीत येतो, एवढंच बोललात. पुढे 2016 च्या नियमांत लँडफिल, म्हणजे कचरा पुरायची जागा, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवं असं आलं, पण सच्छिद्र जांभ्यात पाणी कुठून कुठे जातं ते मीटरपट्टीने कळत नाही, आणि हे मी आज जिथे जिथे शहराच्या विकास आराखड्यावर (डीपीवर) सूचना द्यायला बसते तिथे न विसरता मांडते.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणात गेले तेव्हा रिटायर झालेल्या तुमचाच फोन आला, आधी गाद्या उचलायला सांग, भिजलेली गादी दोन दिवसांनी चौघांना हलत नाही. सांगितलं मी तिथे. ऐकलं त्यांनी.

काकूंच्या हातची उकड्या तांदळाची पेज, तुम्ही सक्तीने घालायला लावलेले गमबूट, सगळं लक्षात आहे.

वही आता पानन् पान स्कॅन करून ठेवलीय, विद्यार्थी वापरतात, वर तुमचं पूर्ण नाव आहे. मूळ वही गणपतीला येताना घेऊन येतेय. एकच विचारायचं राहिलंय, दरवर्षी दोन-तीन तारखांना तुम्ही लाल पेनाने गोल केलाय आणि पुढे काहीच लिहिलं नाही, खेपा तर नेहमीएवढ्याच. मला त्यांचा अर्थ लागला नाही म्हणून पेपरात मी ते सोडून दिले. तेवढं सांगा मला, मी वही उघडूनच बसते तुमच्या पडवीत.

तुमची,
कचरेवाली बाय