लंडनमधल्या हेंडनच्या एअरफोर्स म्युझियममधल्या काकांना मनापासून थँक्यू

काका,

इंग्लिशमध्ये दोन ओळी तुम्हाला पाठवल्यात, पण त्याने मन भरलं नाही म्हणून हे सगळ्यांसमोर मराठीत लिहितेय.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी विमानं बघायला गेलो होतो. अण्णांना कमी ऐकू येतं, त्यांनी एकच प्रश्न परत विचारला तर तिथला माणूस वैतागला आणि सगळं माझ्याशीच बोलायला लागला, अण्णा समोर उभे असून. ज्यांनी ओझरच्या डेपोत वर्षानुवर्षं मिग खोलून परत जोडले त्यांना अशी वागणूक! अजून राग जात नाही माझा.

तुम्ही आलात तेव्हा अण्णा स्पिटफायरच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश फायटर विमानाच्या, चाकाशी वाकून बघत होते. तुम्ही थेट त्यांनाच विचारलंत, एअरफोर्समध्ये होता का, काम काय, रँक काय. एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा सांभाळणारा, आणि रँक सार्जंट. मग निघेपर्यंत तुम्ही त्यांना सार्जंट म्हणूनच हाक मारत होतात. रिटायर झाल्यापासून कुणीच तशी हाक मारली नव्हती हो. माझे अण्णा एकदम ताठ झाले, चेहराच बदलला.

आणि मग त्यांच्या चांगल्या कानाशी येऊन फ्रान्सिशेक कोर्नित्स्कींबद्दल सांगितलंत. पोलंडचा शेतकऱ्याचा पोरगा, 1939 ला देश गेला तसा रोमानिया, फ्रान्स करत इंग्लंडला पोचला आणि 1943 मध्ये 26 व्या वर्षी फायटर स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. लढाई जिंकली पण पोलंड स्टालिनच्या ताब्यात, घरी जायची सोय नाही. जे गेले त्यातल्या स्काल्स्कींसारख्या नावाजलेल्या पायलटला 1948 मध्ये पकडून फाशीची शिक्षा सुनावली, ती नंतर रद्द झाली तरी 1956 पर्यंत जेलमध्येच. आणि इकडे लंडनमध्ये 1946 ची विजय परेड निघाली तेव्हा थोड्या पोलिश वैमानिकांना बोलावणं होतं पण इटलीत माँते कासिनोच्या लढाईत लढलेल्या त्यांच्या आर्मीला नाही, म्हणून वैमानिकही गेले नाहीत. हे सांगताना तुम्ही स्वतः इंग्लिश असून म्हणालात की आमचं चुकलं. किती जण म्हणतात असं?

कोर्नित्स्की इंग्लंडमध्येच राहिले, आरएएफमध्ये, म्हणजे ब्रिटिश एअरफोर्समध्ये, नोकरी करून 1972 ला रिटायर झाले. 2017 मध्ये लोकांनी आवडता स्पिटफायर पायलट निवडला तेव्हा त्यांना 3,25,000 मतं पडली, वय 100, त्याच नोव्हेंबरात ते गेले. म्हणजे निदान कानावर तरी पडलं त्यांच्या. अण्णा एवढं ऐकून म्हणाले, त्यांच्या विमानाच्या फिटरचं नाव कुठे लिहिलंय का? तुम्ही हसला नाहीत, टाळलंही नाहीत, वहीत प्रश्न लिहून घेतलात आणि शोधून कळवतो म्हणालात. चांगुलपणा अजून काय वेगळा असतो!

अण्णा आता नाशिकला परत गेलेत आणि भेटेल त्याला तुमच्याबद्दल सांगतायत. फेब्रुवारीत द्राक्षं असतात, काकूंना घेऊन या. घ्यायला मी स्वतः येणार असं त्यांनी बजावून सांगितलंय.